खांब परत करण्याबाबत

"गुडघा नाही गं हा, जुन्या कपाटाचं बिजागर आहे. बसलं की कुरकुर, उठलं की कुरकुर. आणि वर ह्यांचं म्हणणं काय, तर टेबलाखालचंही पुसा. टेबलाखाली कोण बघायला येतंय? बूट?"

हे गाऱ्हाणं पलीकडचा माणूस एका खुर्चीला सांगत होता. खुर्ची मुकाट ऐकून घेत होती. चार हातांच्या अंतरावर किल्लीवाली आपल्या बाजूचं टेबल पुसत होती. तिनं अक्षर न् अक्षर ऐकलं, पण मान वर केली नाही.

"बादले," ती आपल्या पायाशी ठेवलेल्या बादलीला म्हणाली, "गरम विटेचा शेक घ्या म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली. पण काही लोकांच्या कानांत बोळे असतात."

"शेक घेतला, खुर्चीबाई," पलीकडून उत्तर आलं. "वीट गार झाली, गुडघा तसाच."

दोघांनाही वेड लागलेलं नव्हतं. ती खोलीच तशी होती. दोन देशांच्या हद्दीवर बांधलेली, अर्धी ह्यांची, अर्धी त्यांची. दोन बाजूंना दोन दारं, दोन दारांना दोन कुलपं. अलीकडच्या दाराची किल्ली गेली अकरा वर्षं हिच्या कमरेला होती, म्हणून सगळे तिला किल्लीवाली म्हणत. खोलीच्या मध्यात दोन टेबलं समोरासमोर ठेवलेली, पण एकमेकांना न चिकटवता, मध्ये बोटभर फट सोडून. अलीकडचं टेबल पॉलिश केलेलं, पलीकडच्यावर हिरवं कापड. फट म्हणजे हद्द. त्या फटीत साचणारी धूळ कुणी काढायची ह्यावर एकदा दोन्हीकडचे साहेब पाऊण तास बोलले होते, आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला होता. धूळ अजून तिथेच होती.

दारामागे नियमांचा तक्ता टांगलेला होता. त्यातला नववा नियम असा, की कोणत्याही कर्मचाऱ्यानं समोरच्या बाजूच्या कर्मचाऱ्याशी संभाषण करू नये. खुर्चीशी करू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पहिली दोन वर्षं दोघांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. मग एके दिवशी पलीकडच्याचा पाय फरशीवरून घसरला आणि तो खुर्चीला धरून तिलाच शिव्या द्यायला लागला. भाषा दोन्हीकडची एकच, शिव्या मात्र वेगळ्या. किल्लीवालीला हसू आवरेना, तेव्हा तिनं ते बादलीत सांडलं. तिथून सुरू झालं ते सुरूच राहिलं. त्याच्या जावयाची सुटत नसलेली दारू, तिच्या आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू, त्याच्या साहेबाची कंजुषी, तिच्या साहेबाचं पोट, सगळं खुर्ची आणि बादलीमार्फत इकडचं तिकडे झालं होतं. मनातल्या मनात ती त्याला गुडघेबुवा म्हणायची. तो तिला काय म्हणत होता ते खुर्चीलाच माहीत.

एकाच विषयावर खुर्ची मुकी व्हायची. बादलीजवळ धाकट्याचं नाव निघालं, की पलीकडचा फडका एकाच जागी गोल गोल फिरत राहायचा आणि उत्तर यायचं नाही.

धाकटा म्हणजे किल्लीवालीचा भाऊ. पाणीखात्यात नोकरीला होता. नोकरी तिनंच लावून दिली होती, साहेबांच्या मागे लागून. काम सोपं. नदीकाठी एक लोखंडी खांब होता, त्यावर तांबडे-पांढरे पट्टे आणि आकडे. सकाळी सहाला जायचं, पाणी कुठल्या आकड्याला लागलंय ते बघायचं, वहीत लिहायचं. संध्याकाळी सहाला पुन्हा. चष्म्याशिवाय त्याला हाताची बोटं मोजता येत नव्हती, पण चष्मा लावला की खांबावरचा अर्धा आकडासुद्धा सुटायचा नाही. त्याच्या वहीत चार वर्षांत एक रकाना रिकामा नव्हता. ह्याचा त्याला भारी अभिमान. बायको चिडवायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा हे नदी बघून आले, मग मला."

सहा वर्षांपूर्वी वरच्या धरणाचे दरवाजे न सांगता उघडले गेले. कुणी उघडले ह्याबद्दल दोन्ही देशांची दोन मतं आहेत. एका रात्रीत नदीनं कूस बदलली आणि खांबाच्या मागच्या बाजूनं, अलीकडून वाहायला लागली. सकाळी बघतात तर खांब जागच्या जागी, पण नदीच्या पलीकडे. आणि पलीकडच्या शिपायांनी नव्या काठापर्यंत झेंड्या रोवलेल्या.

धाकटा दारात उभा राहिला होता. "ताई, खांब पलीकडं गेलाय गं. काय करू?"

त्या दिवशी हद्दीवरच्या खोलीत बैठक होती. किल्लीवाली डबा भरत होती, उशीर झाला होता, केस विंचरायचे राहिले होते. ती म्हणाली, "खांब आपलाच आहे ना? मग झालं. पाणी गुडघाभर आहे. जा, आकडा बघ नि ये, दोन मिनिटांचं काम. रकाना रिकामा राहिला तर तुझा साहेब माझं डोकं खाईल."

आई खाटेवर बसली होती. भावजय चुलीशी होती. दोघींनी ऐकलं. धाकटा हसला, छत्री घेतली आणि गेला.

त्याला पलीकडच्या शिपायांनी खांबाजवळच पकडलं, हातात वही, नाकावर चष्मा. नदीचे आकडे लिहिणारा माणूस हेर नसेल तर कोण असेल, असं त्यांना वाटलं. असं वाटायला त्यांच्याकडेही काही रकाने असतील.

त्यानंतर घरात नदीला शिव्या घालून झाल्या, धरणाला झाल्या, खात्याला झाल्या, दोन्ही सरकारांना झाल्या. डबा भरता भरता कोण काय म्हणालं होतं, ते मात्र कुणी काढलं नाही. आईनं नाही, भावजयीनं नाही. किल्लीवाली वाट बघायची की आज काढतील, उद्या काढतील. एखादीनं भांडं आपटून तरी बोलावं असं तिला वाटायचं. पण तिघी जेवायला बसत, एकमेकींना वाढत, आणि ती सकाळ तिघींच्या मध्ये फटीसारखी राहायची. तिच्या अलीकडे-पलीकडेच त्या हात फिरवायच्या.

बैठक वर्षातून दोनदा. प्रत्येक बैठकीत तिसरा मुद्दा ठरलेला: जलमापक कर्मचाऱ्याबाबत. किल्लीवाली भिंतीशी चहाचा ट्रे धरून उभी असायची आणि कानांत प्राण आणून ऐकायची. आमचे साहेब म्हणायचे, आम्ही चिंता व्यक्त करतो. त्यांचे साहेब म्हणायचे, आम्ही चिंतेची नोंद घेतो. मग तपास चालू आहे, पडताळणी बाकी आहे, वरिष्ठांशी विचारविनिमय. घरी गेल्यावर आई विचारायची, काय झालं गं. आणि किल्लीवालीच्या तोंडून साहेबांची भाषा निघायची. "चर्चा सकारात्मक झाली, आई." "वातावरण चांगलं होतं." आई म्हणायची, "मग पुढच्या वेळी." भावजय शिवणयंत्राचं चाक फिरवायची.

भावजय शाळेचे गणवेश शिवायची. हातात कसब होतं, पण गावात शाळा एकच. गेल्या महिन्यात शहरातल्या शिवणकामाच्या संस्थेनं जागा काढल्या. पगार, राहायला खोली, सगळं. अर्जात एक अट होती: विवाहित असल्यास पतीची संमतीची सही, विधवा असल्यास मृत्यूचा दाखला. सही आणायची कुठून, आणि दाखला देणार कोण? दोन्ही नसलेली बाई जगात असू शकते हे अर्ज छापणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. अर्जाची मुदत पंधरा तारखेपर्यंत. आज बारा. अर्ज शिवणयंत्राच्या खणात होता. भावजयीनं एकदाच म्हटलं होतं, "वन्सं, ह्या बैठकीत हो नाहीतर नाही, काहीतरी कळेल का? मला काहीही चालेल."

काहीही चालेल, असं ती म्हणाली आणि स्वतःच दचकली होती.

आज पुसून झाल्यावर किल्लीवालीनं साहेबांच्या जागी कागद मांडायला घेतले. सातवीपर्यंतचं शिक्षण होतं, आणि अकरा वर्षं सरकारी कागद मांडून ती भाषा तिला गणवेशाच्या मापांसारखी पाठ झाली होती. मुद्दा एक, वाळू उपशाबाबत. मुद्दा दोन, भटक्या गुरांबाबत. मुद्दा तीन.

मुद्दा तीन: खांब परत करण्याबाबत.

तिनं तो पुन्हा वाचला. काळजात लख्ख उजेड पडला. खांब देतायत म्हणजे प्रकरण मिटवतायत. मिटवतायत म्हणजे माणूसही देणार. माणूस असेल चारमध्ये. तिनं चार वाचला. मुद्दा चार: इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने.

मागे एक पान टाचलेलं होतं. परत करावयाच्या वस्तू. लोखंडी खांब, एक. नोंदवही, एक. छत्री, काळी, एक. चष्मा, एका काचेस तडा, एक.

ती खुर्चीवर बसली. साहेबांच्या खुर्चीवर. अकरा वर्षांत ती त्या खुर्चीवर टेकली नव्हती. पलीकडे फडका थांबला.

"बादले," ती म्हणाली. "एक हिशेब सांग मला. ज्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, त्याचा चष्मा परत येतो. आणि तो येत नाही. मग तो तिकडं बघतो कसा?"

फडका गोल गोल फिरायला लागला.

"बादले, दुसरा करून दिला असेल का गं त्याला? चांगले लोक असतील. दिला असेल."

फडका फिरत राहिला. हिरव्या कापडावर त्या जागी एक ओला डाग पडला आणि मोठा होत गेला. गुडघेबुवांनी फडका खाली ठेवला. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले.

"खुर्चीबाई," तो म्हणाला. आवाज इतका खालचा की गुडघ्याची कुरकुर बरी. "दोन हिवाळ्यांमागे आमच्याकडं भारी थंडी पडली होती. नदीवरच्या कैद्यांच्या बराकींना कोळसा पोचलाच नाही. महिनाभर. वरून कागद यायचा होता, तो आला नाही. माझा जावई तिथं पहाऱ्याला होता. त्यानं दारू तेव्हा सुरू केली."

एवढंच बोलून तो खाली बसला आणि टेबलाखालचं पुसायला लागला. जे कुणी बघत नाही म्हणून तो मघाशी कुरकुरत होता, ते त्यानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसलं.

दारावर टकटक झाली. टिपणीस आला. हा बैठकीत झालेलं लिहून घेणारा माणूस. सभ्य, बारीक, बोलण्यापेक्षा खाकरण्यावर जास्त विश्वास. किल्लीवाली उठून उभी राहिली.

"टिपणीससाहेब, तिसरा मुद्दा बदलला?"

"हो. म्हणजे, सुटसुटीत केला."

"माणूस गाळला."

टिपणीस खाकरला. "गाळला असं नाही, बाई. इतर विषयांत येऊ शकतो. कुणी काढला तर."

"कोण काढणार?"

"तेच तर आहे. आम्ही विचारलं, तर आम्हाला काही माहीत आहे असा अर्थ होतो. मग इतके दिवस का नाही विचारलं, असा प्रश्न येतो. त्यांनी सांगितलं, तर त्यांच्याकडं काही घडलं असा अर्थ होतो. मग कसं घडलं, असा प्रश्न येतो." त्यानं पेन झटकलं. "खांबाला प्रश्न येत नाहीत."

"तुम्हाला माहीत आहे का, साहेब?"

"मला जे लिहायला सांगतात तेवढंच मला माहीत असतं," टिपणीस म्हणाला, आणि खिडकी लावलेली असूनही ती पुन्हा लावली.

अकराला दोन्ही दारं एकदम उघडली. आमचे तिघे, त्यांचे तिघे. वाळू वीस मिनिटांत झाली. गुरं दहा मिनिटांत. मग खांब आला.

खांबावर दोन तास बोलणं झालं. तो पलीकडच्या काठावरून उचलायचा कुणी, अलीकडे ठेवायचा कुणी, ठेवताना पाय कुणाच्या जमिनीवर असणार. खांबाची स्थिती 'चांगली' लिहायची की 'वापरातली झीज वगळता चांगली'. आमच्या साहेबांनी झिजेचा आग्रह धरला. त्यांचे साहेब सर्दीनं बेजार होते, रुमालाआडून म्हणाले, सहा वर्षं आम्ही त्याला रंग दिला आहे, झीज कसली? आमच्या साहेबांनी रंगाबद्दल आभार मानले. रंग दिला म्हणजे खांब आपला मानला असा अर्थ होऊ नये, असंही नोंदवून घेतलं. मग सगळे हसले. फोटो काढला. किती दिवसांनी ह्या खोलीत काहीतरी ठरत होतं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कसं तेज आलं होतं.

सोबतच्या वस्तूंचं पान वाचायची गरज नाही, असं दोन्ही साहेबांचं एकमत झालं. वाचल्याचं समजण्यात आलं.

किल्लीवाली भिंतीशी उभी होती. ट्रेमध्ये आपल्या लोकांसाठी तीन कप. पलीकडच्या भिंतीशी गुडघेबुवा, ट्रेमध्ये तीन ग्लास. इकडच्या चहाचा घोट कधी तिकडे गेला नव्हता. तिचं लक्ष चहावर नव्हतं. ती चौथ्या मुद्द्याची वाट बघत होती. इतर विषय म्हटल्यावर सगळे थोडं थांबतात, एक-दोन-तीन-चार-पाच, आणि मग कागद गोळा करतात. तेवढी पाच आकड्यांची जागा आपल्याला आहे, असं तिनं सकाळपासून मनाशी धरलं होतं. वाक्य तयार केलं होतं. लांब नाही, साधं. 'साहेब, माझा भाऊ कुठं आहे?' नोकरी गेली तर गेली. सहाव्या वर्षी तरी एवढं विचारावं. आणि ते नाही म्हणू दे, हो म्हणू दे, काहीही म्हणू दे, दोन्हीकडच्या साहेबांसमोर कुणीतरी तोंडानं म्हणावं, म्हणजे टिपणिसाला लिहावं लागेल. लिहिलं की तो कागद होईल. कागद भावजयीच्या अर्जाला जोडता येईल.

"मुद्दा चार," आमचे साहेब म्हणाले. "इतर विषय?"

एक.

तिनं तोंड उघडलं. कप बशांवर वाजायला लागले, तीनही, एका सुरात. सहा डोकी वळली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही, सगळ्यांनी ट्रेकडे बघितलं. दोन. तीन. गुडघेबुवा जमिनीकडे बघत होता. तिच्या डोळ्यांपुढे धाकटा नव्हता, आई नव्हती. डोळ्यांपुढे डबा होता, पोळीची गुंडाळी होती आणि स्वतःचाच आवाज होता: जा, आकडा बघ नि ये. कुणी उलट विचारलं तर? तो तिथं गेलाच का होता, असं त्यांचे साहेब रुमालाआडून म्हणाले तर? कुणी पाठवलं होतं त्याला? चार.

"बाई, चहा," आमचे साहेब मऊ आवाजात म्हणाले.

तिनं चहा दिला. हात नीट चालले, थेंब सांडला नाही.

"तुमच्याकडचा चहा छान असतो, असं ऐकलंय," त्यांचे साहेब म्हणाले. सगळे पुन्हा हसले.

'इतर विषय नाहीत,' टिपणिसानं लिहिलं.

साहेब लोक गेल्यावर वस्तू द्यायच्या-घ्यायच्या होत्या. खांब नंतर ट्रॉलीवर यायचा होता. बाकीच्या तीन वस्तू गुडघेबुवांनी हिरव्या कापडावर ठेवल्या आणि एकेक करून फटीवरून पुढे सरकवल्या. वही पाण्यानं फुगून दुप्पट झालेली. छत्रीच्या दोन काड्या निघालेल्या. चष्मा सरकवताना त्याचं बोट त्याच्यावर जरा वेळ राहिलं. मग त्यानं हात मागे घेतला, फडका उचलला आणि आपल्या दारानं निघून गेला.

टिपणिसानं पानावर खुणा केल्या. "वही खात्याची. छत्री खात्याची. चष्मा..." तो थांबला. "चष्मा खात्यानं दिलेला नव्हता. म्हणजे तो जमा करून घ्यायला रकाना नाही. म्हणजे तो इथं नाहीच, असं धरायला हरकत नाही." आणि त्यानं तिच्याकडे पाठ करून, लावलेली खिडकी तिसऱ्यांदा लावली.

किल्लीवालीनं चष्मा पदरात घेतला. कुलूप लावलं. वाटभर तिनं काय सांगायचं ते जुळवलं. खांब परत मिळणार, हे सांगायचं. ते खरंच होतं. वातावरण चांगलं होतं, हेही खरंच होतं, इतकं चांगलं वातावरण तिनं ह्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. चष्मा आपल्या ट्रंकेच्या तळाशी ठेवायचा, आईच्या हाताला लागणार नाही अशा जागी. आई अशी किती वर्षं राहणार? तेवढी वर्षं बैठका होतील. भावजयीला एकटीला गाठून काहीतरी सांगता येईल. काय, ते तिला सुचलं नाही.

घरी अजून उजेड होता. आई खाटेवर बसून अंदाजानंच धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मोतीबिंदूनं तिला रंग दिसत नसत, पण कुणाचा कपडा ते बोटांना कळायचं. धाकट्याचा एक सदराही त्यात असायचा. दर आठवड्याला धुवायचा आणि घडी घालायची. भावजय शिवणयंत्रावर होती. यंत्राचा खण उघडा होता आणि अर्ज वर काढून ठेवलेला.

"आलीस का मोठे?" आईनं विचारलं. "काय ठरलं गं?"

"खांब परत द्यायचं ठरलं."

"बघ!" आईच्या हातातली घडी सुटली. "बघ, म्हटलं नव्हतं मी? आधी सामान सोडतात, मग माणूस सोडतात. सामान सोडलं म्हणजे मन वळलं. आता पुढच्या बैठकीला..."

हो आई, चर्चा चांगली झाली. वाक्य जिभेवर आलेलं होतं. तिला ते ऐकूसुद्धा आलं, साहेबांच्या आवाजात. भावजयीनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं आणि तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सहा वर्षं ती असंच बघत आली होती, हो नाहीतर नाही, काहीही चालेल, अशी.

किल्लीवालीनं पदरातून चष्मा काढला आणि यंत्रावर, अर्ध्या शिवलेल्या गणवेशाच्या बाहीवर ठेवला.

चष्म्याची एक दांडी ढिली होती. ती पडू नये म्हणून कुणीतरी फार पूर्वी तिच्यावर निळा दोरा गुंडाळला होता, बारीक, घट्ट, गणवेशाच्या दोऱ्यानं. भावजयीनं त्या दोऱ्यावर अंगठा ठेवला.

"पुढच्या बैठकीला नाही, आई," किल्लीवाली म्हणाली. "तो गेला."

"कुठं गेला?"

"गेला. दोन हिवाळे झाले. कोळसा नव्हता त्यांच्याकडं."

आईनं सुटलेली घडी पुन्हा हातात घेतली. "कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही."

"मग?"

"सगळे बसले होते, आई. सगळ्यांना माहीत होतं. आणि कुणीच म्हणालं नाही. म्हणूनच कळलं." तिचा आवाज फाटला, तो तिनं ओढून सरळ केला. "दाखला मिळणार नाही. कुठं लिहून येणार नाही. मी विचारणार होते, ट्रे हातात होता माझ्या, मी विचारणार होते..."

"जाऊ दे." आई सदऱ्याच्या बाह्या मागे दुमडत म्हणाली. हात नेहमीसारखे चालत होते, फक्त तोच तो सदरा ती पुन्हा उलगडत होती आणि पुन्हा दुमडत होती. "जाऊ दे. तू काय करणार? साहेब लोकांपुढं तू कोण? मेल्या त्या नदीनं घात केला. माणसाच्या मुळावर उठली. नदी फिरली नसती तर..."

"हो," किल्लीवाली म्हणाली. "नदीनंच."

भावजयीनं चष्मा उचलला. पदरानं काच पुसली, तडा नसलेली आधी, मग तडा असलेली. दोन्ही दांड्या मिटवल्या. तो अर्जावर ठेवला, मग उचलून बाजूला ठेवला, कारण त्यानं अर्जाच्या रकान्यात काही भरल्यासारखं होत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आवाजही चढला नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला माप सांगावं तसा तो होता.

"नदी नव्हती, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही पाठवलंत त्यांना."